धुराड्यातली तुळस

रविवारी सकाळी नौपाड्यातला एक दातांचा दवाखाना बंद असतो. निदान बाहेरची पाटी तसं सांगते. आत मात्र चार माणसं बॉयलरवरून भांडत असतात आणि त्या चारांत मी एक असते.

ज्याला बोलायचं असेल त्याने दातांच्या खुर्चीत बसायचं, बाकीच्यांनी बाकावर, ही आमची पद्धत. ती कुणी पाडली ते आता कुणालाच आठवत नाही. बोलणं लांबलं की डॉक्टर काही न बोलता खुर्चीवरचा दिवा लावतात. तो उजेड तोंडावर पडला की भल्याभल्यांना आवरतं घ्यावंसं वाटतं. आमच्या ड्राफ्ट्समनसाहेबांना तेवढं वाटत नाही. ते डोळे मिटून घेतात आणि पुढे बोलत राहतात.

हे साहेब म्हणजे आमच्यातले सगळ्यात वडील. जन्म नौपाड्यातला, सगळी नोकरी यंत्रांची ड्रॉइंग्ज काढण्यात गेली. शर्टाच्या खिशात अजूनही कंपास असतो. दवाखानेवाले डॉक्टर त्यांच्यापेक्षा बरेच तरुण, बडबडे, आणि लहानपणी वाफेचं इंजिन फक्त चित्रात पाहिलेले. तिसरा कोलशेतचा, खाडीकाठच्या जुन्या कोळी घरातला. तो बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो आणि आपल्याइतकं इंजिन कुणालाच कळत नाही हे दर रविवारी एकदा तरी ऐकवतो. आणि मी शाळेतून निवृत्त झालेली विज्ञानाची बाई. डोंबिवलीला कोपर स्टेशनाजवळ आईबरोबर राहते.

वाफेच्या इंजिनांचं वेड असलेली माणसं एकत्र जमली की काय बोलतात असं मला लोक विचारतात. खरं सांगायचं तर इतर माणसं जावयांबद्दल जे बोलतात तेच. कुठलं चांगलं होतं, कुठलं फुकट गेलं, कुणी कुणाची हेळसांड केली. डोंगरातल्या छोट्या गाडीचं इंजिन पुन्हा वाफेवर धावावं का, तेलावर चालवलं तर ते खरं वाफेचं म्हणायचं का, यावर आमचा एक अख्खा पावसाळा गेला. इंजिनाचा हिरवा रंग नेमका कुठला यावर मी स्वतः डॉक्टरांशी अबोला धरलेला आहे. पण नुसती बोलघेवडी मंडळी असती तर मी केव्हाच उठून आले असते. ह्यांच्यापाशी खरोखरचं इंजिन होतं.

ते कोलशेतच्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये उभं होतं. लहानसं, अरुंद रुळांवरचं. एके काळी खाडीच्या धक्क्यावरून गोदामापर्यंत डबे ओढायचं. कारखान्याचे मालक डॉक्टरांचे पेशंट. दाढ काढल्यावर, तोंडात कापूस असताना, त्यांनी हातवारे करून त्या इंजिनाबद्दल सांगितलं आणि डॉक्टरांना ते कळलं, यावरूनच डॉक्टरांचं वेड ओळखा.

आम्ही पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा त्याच्या अंगावर वेल चढला होता. साहेब मात्र वेलाकडे नाही, वर बघत होते. "अहो, हे कापलंय," ते म्हणाले. "धुराडं कापलंय कुणीतरी! करवतीने! ह्या जातीच्या इंजिनाला लांबसडक धुराडं असतं. काय अडाणी लोक असतील!" खरोखरच त्या इंजिनाच्या नाकाच्या जागी नुसतं बुटकं नळकांडं होतं. बोटवाला हसून म्हणाला, "नकटी हाय नकटी!" आणि तेच नाव पडलं.

नकटीला पुन्हा उभं करायला आम्हाला किती वर्षं लागली हे मी मुद्दाम मोजलेलं नाही. मोजलं तर आई ते तोंडावर फेकेल. पण त्या वर्षांत मी ह्या माणसांची कामाची रीत पाहिली आणि ती मला फार आवडली. डॉक्टर बॉयलरच्या नळ्या तपासायला दातांचा तो छोटा गोल आरसा घेऊन यायचे. पाठीवर झोपून, अर्धं अंग फायरबॉक्समध्ये, आणि आतून आवाज, "इथे किटण धरलंय हो बरंच. ब्रश करत नव्हती वाटतं!" बॉयलरमधला क्षार आणि दातांवरचं किटण एकच, असं त्यांचं ठाम मत. बोटवाल्याने ह्या इंजिनासाठी बॉयलर चालवण्याची सरकारी परीक्षा दिली, तीही पोरांच्या दहावीबरोबर. आणि साहेब! एखादा बोल्ट गंजून गेला की दुकानातून तसाच दुसरा आणणं त्यांना मंजूर नसे. आधी जुन्याचं ड्रॉइंग, मग त्याबरहुकूम नवा. कितीदा मी वैतागून म्हणाले असेन, अहो, हा बोल्ट आतल्या बाजूला आहे, कुणाला दिसणार आहे? ते शांतपणे म्हणत, "बाई, ज्याने मूळ केला त्यालाही कुणी बघत नव्हतं." 

लांब धुराडं हा तर त्यांचा प्राण होता. त्याच्या वरच्या ओठाचा बाक कसा असावा यावर दातांच्या खुर्चीत बसून ते इतके बोलले, की डॉक्टरांच्या दिव्याचा बल्ब गेला. शेवटी ते तयार झालं, काळंभोर आणि सुरेख. शेडच्या छताला टांगलेल्या चेन-पुलीने उचलून आम्ही ते जागेवर बसवलं तेव्हा साहेबांनी चष्मा पुसला. बुटकं नळकांडं भंगारात द्यायचं ठरलं. मला ते देववेना. आम्ही इतकी वर्षं जिला त्यावरून हाक मारली, तिचं नाक भंगारवाल्याला कसं द्यायचं? बोटवाल्याच्या टेम्पोतून मी ते कोपरला घरी आणलं.

आईने दार उघडलं, नळकांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आता हे घरात?" एवढंच म्हणाली.

आता आईबद्दल सांगायला हवं. माझे वडील कल्याणच्या यार्डात शंटिंगच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. लोकांच्या आठवणीत वाफेचं इंजिन म्हणजे पांढरे ढग आणि कूऽऽक. आईच्या आठवणीत ते म्हणजे कपडे. ड्युटीवरून आलेले निळे कपडे ती हातात न धरता काठीने उचलून सोड्याच्या पाण्यात टाकायची. तरी दुसऱ्या दिवशी वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर काजळीचे ठिपके यायचेच. मग ती यार्डाच्या दिशेने तोंड करून जे काही बोलायची ते मी इथे लिहीत नाही. आमचं रविवारचं मंडळ तिला अजिबात मान्य नव्हतं. "धूर बघायला जाता? मी तुझ्या बापाबरोबर संसारभर धूर धुतला. हौस फिटली नाही का तुझी?" मी कोलशेतहून आले की ती मला दारातच थांबवून ओढणी झटकायला लावायची. साडीवर एवढासा डाग तिला खपत नाही. आजही, ऐंशी ओलांडल्यावर, स्वतःच्या पातळाला स्वतः खळ घालते.

पण एक गोष्ट होती. त्या काळी प्रत्येक ड्रायव्हरची शिट्टीची आपली अशी पद्धत असायची. ड्युटी संपवून इंजिन शेडकडे नेताना वडील त्यांच्या पद्धतीची एक शिट्टी द्यायचे. ती ऐकली की आई हातातलं काम टाकून तवा चढवायची. ते हातपाय धुऊन येईपर्यंत पानात भाकरी पडलेली असायची. चाळभर सगळ्या बायकांचं असंच. शिट्ट्या किती वाजत असतील, पण कुणाचा तवा चुकून दुसऱ्याच्या शिट्टीवर चढला असं झालं नाही. मी लहान होते. मला एकदा इंजिनावर नेऊन शिट्टी ओढू देईन असं वडिलांनी कबूल केलं होतं. मग वाफेची इंजिनं गेली, त्यांना विजेच्या इंजिनांचं शिक्षण घ्यायला पाठवलं, आणि पुढे तेही गेले. मी त्या मंडळात का जात होते, याचं खरं उत्तर हे आहे. मला ती शिट्टी एकदा माझ्या हाताने द्यायची होती आणि ती आईने ऐकायला हवी होती. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती हसली असती, असं मला वाटायचं.

नळकांडं आणल्याच्या दुसऱ्या दिवशी पाहते तर बाल्कनीत त्याच्याखाली फरशीचा तुकडा होता, आत माती होती आणि मातीत तुळस. "जड आहे, वाऱ्याने पडायचं नाही," आई म्हणाली. "तुमच्या मंडळाने केलेलं एवढंच कामाचं काम." रोज सकाळी ती त्या नाकाला पाणी घालून नमस्कार करू लागली आणि मी ते बघू लागले.

मग कोलशेतची ती जागा विकली गेली. तिथे आता टॉवर उभे राहणार. मालक भला माणूस, त्याने नव्या मालकांशी आमच्यासाठी बोलणं केलं. त्यांचं म्हणणं असं की इंजिन आम्ही गेटपाशी ओट्यावर बसवू, चाकं सिमेंटमध्ये पक्की करू, रात्री दिवे सोडू, लोक फोटो काढतील. साहेबांचा चेहरा पडला. पेंढा भरलेला वाघ दिवाणखान्यात ठेवतात तसं होणार होतं ते. डॉक्टरांनी खूप गळ घातली तेव्हा नवे मालक म्हणाले, ठीक आहे, रविवारी दुपारी मी येतो. माझ्यासमोर ते स्वतःच्या वाफेवर शेडमधून निघून धक्क्यापर्यंत गेलं, तर रूळ ठेवू आणि चालतं ठेवू. नाही गेलं तर सोमवारी क्रेन येईल, ओटा तयारच आहे.

म्हणजे सगळं त्या एका रविवारवर आलं.

आदल्या दिवसापासून बोटवाल्याने मंद विस्तव लावून ठेवला होता. थंड बॉयलर घाईने तापवला तर दुखावतो, त्याला हळूहळू ऊब द्यावी लागते, बाळंतिणीसारखी. सकाळी मी पोचले तेव्हा नकटी सुस्कारे टाकत होती. पितळ झळकत होतं, नवं धुराडं दिमाखात होतं. शेजारी पेशंट झोपला असावा तसे डॉक्टर हळू बोलत होते. बोटवाल्याने वाफ सोडायचा रेग्युलेटर उघडला. चाकं फिरतात हे आम्हाला ठाऊक होतं, पण ती आजवर फक्त जॅकवर उचलून फिरवलेली. बॉयलरची तपासणीही शेडच्या आतच झालेली. नकटी आपल्या पायांनी पहिल्यांदाच चालणार होती. आणि ती चालली! इतकी अलगद, की मला आधी वाटलं शेडच मागे सरकतेय. मी टाळ्या वाजवल्या. ती दारापाशी गेली आणि ठण्ण असा आवाज झाला.

सगळे वर बघू लागले. साहेबांचं लांबसडक, सुरेख, ओठाला अचूक बाक असलेलं धुराडं दारावरच्या लोखंडी गर्डरला टेकलं होतं.

 शेडचं छप्पर आत उंच, पण दार बुटकं. म्हणूनच पूर्वीच्या लोकांनी धुराडं कापलं होतं. ही साधी गोष्ट आम्हा चौघांपैकी एकाच्याही डोक्यात इतक्या वर्षांत आली नव्हती, मी शास्त्र शिकवलेली बाई धरून. आम्ही त्या दारातून शेकडो वेळा ये-जा केली आणि दर वेळी इंजिनाकडेच बघत राहिलो.

"आता काय करावाचा, सायेब?" बोटवाल्याने विचारलं. "भित पारू का?"

"नको," साहेब म्हणाले. "छप्पर त्याच भिंतीवर आहे." मग स्वतःशीच बोलल्यासारखे, "आपण सगळं मोजलं हो. दार नाही मोजलं."

मला आयुष्यात फार थोड्या माणसांची इतकी कणव आली असेल. डॉक्टरांनी सुचवलं, धुराडं काढू, इंजिन बाहेर नेऊ, बाहेर पुन्हा चढवू. पण चेन-पुली शेडच्या छताला, बाहेर ते धूड उचलणार कोण? आणि धुराड्यावाचून विस्तव ओढ घेत नाही, धूर तोंडावर येतो, वाफ टिकत नाही. धक्क्यापर्यंत ती पोचली नसती. तेव्हा साहेब माझ्याकडे वळले. "बाई, ते जुनं... भंगारात दिलं ना आपण?"

मी म्हटलं, "नाही. आईने त्यात तुळस लावलीय."

त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मला नीट सांगता येणार नाही. नव्या धुराड्याच्या बैठकीची भोकं त्यांनी जुन्याबरहुकूम, केसाचाही फरक न ठेवता पाडली होती. म्हणजे जुनं चपखल बसणार होतं. बोटवाल्याने नकटी मागे पुलीखाली घेतली. साहेबांनी कोट काढून खुंटीला लावला, पाना घेतला आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या धुराड्याचे तापलेले बोल्ट सोडवायला चढले. बोटवाला मदतीला धावला तर म्हणाले, "तुम्ही विस्तव सांभाळा. हे मीच काढतो." एवढा मानी माणूस, पण एक शब्द कुरकुर नाही. मी त्यांना पूर्वी हट्टी म्हणत असे. आता म्हणत नाही.

मी आईला फोन लावला. तुळस काढायला सांगायची म्हणजे माझी जीभ अडखळायला लागली. तिने मध्येच तोडलं. "तुमची नकटी नाकावाचून अडली, असंच ना? मग नीट सांग की. एवढं काय चाचरतेस!"

"आई, वॉचमनला सांग, तो रिक्षात ठेवून देईल. तू नको येऊस, ऊन आहे."

फोन बंद झाला होता.

खाडीवरच्या मोठागावच्या पुलावरून रिक्षा यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी शेडच्या दारात उभं राहून नखं खाल्ली. नवे मालक त्यांच्या गाडीतून आलेही आणि डॉक्टर त्यांना धक्क्याकडे नेऊन खाडीचा इतिहास सांगत बसले. त्यांना दिवा लावायला कुणी नव्हतं हे बरं झालं. शेवटी रिक्षा आली. पायांशी ते नळकांडं, आणि मागे बसलेली माझी आई, मांडीवर पातेलं, पातेल्यात तुळस. बाहेर जायचं म्हणून नेसलेली पांढरी, बारीक किनारीची साडी.

"तुळशीला काय घरी उन्हात एकटी टाकू?" मी काही विचारायच्या आत ती म्हणाली.

नळकांडं बसलं. भोकाला भोक. साहेबांनी शेवटचा बोल्ट आवळला आणि खाली उतरून एक पाऊल मागे गेले. "नकटीच बरी दिसते," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले हे मला आवाजावरून कळलं. मग नकटी दाराखालून निघाली, गर्डरखाली टीचभर जागा राखून, उन्हात आली आणि धक्क्याच्या दिशेने चालू लागली. पहिल्या उसाशाबरोबर धुराड्यात उरलेली माती काळ्या धुरातून वर उडाली आणि आमच्या डोक्यांवर पडली. डॉक्टर नाचत होते. मी रडत होते, लपवायचं काय त्यात. नवे मालक फोटो काढायचं विसरून नुसते बघत राहिले. धक्क्यापाशी ती थांबली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "रूळ काढू नका." साहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

बोटवाल्याला मी पूर्वीच सांगून ठेवलं होतं. त्याने मला हात देऊन वर घेतलं आणि शिट्टीची साखळी माझ्या हातात दिली. "वाजव, बाय." मी वडिलांची शिट्टी दिली. एक लांब, एक आखूड, पुन्हा लांब. इतकी वर्षं मनात घोकलेली. खाडीवरचे बगळे उठले. मी खाली आईकडे पाहिलं.

ती कपाळाला आठ्या घालून उभी होती. "असं नव्हतं," ती म्हणाली. "सरक."

"मावशी, तापलाय सगळा वर," बोटवाला म्हणाला. तिने पातेलं साहेबांच्या हातात दिलं. स्टूल मागवलं. आम्ही दोघांनी धरून तिला वर घेतलं. तिने पदर खोचला, साखळी धरली आणि ती ओढली. आधी दोन आखूड, जवळजवळ चिकटलेल्या. मग एक लांब, आणि शेवटी साखळी एकदम न सोडता हळूहळू सैल केली, की आवाज उतरत उतरत विरून गेला.  तीच होती. मी घोकत होते ती माझी मीच बनवलेली होती, आणि ही, उतरत जाणारी, मी पाच-सहा वर्षांची असताना ओट्यावर बसून ऐकलेली. साहेब तुळशीचं पातेलं धरून खाली मान घालून उभे होते.

रिक्षात आईने पातेलं पुन्हा मांडीवर घेतलं.  घरी आल्यावर तिने तुळस एका बादलीत लावली आणि वेळ नसताना तवा चढवला. आम्ही दोघींनी भर उन्हाच्या वेळी गरम भाकरी खाल्ली.

तिच्या पांढऱ्या साडीवर खांद्यापासून निऱ्यांपर्यंत काजळीचे ठिपके पडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोडा घालून बादली भरली आणि साडी घ्यायला तिच्या खोलीत गेले. ती घडी न करता खुर्चीच्या पाठीवर टाकलेली होती.

"भिजत घालते गं," मी म्हटलं.

"असू दे," आई म्हणाली. "राहू दे दोन दिवस."